शब्दाला पंचवीस पैसे

सांगली जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३८. रसायनशास्त्रात बी.एस्सी., मग बी.एड. मुलगी होईपर्यंत हायस्कूलला विज्ञान शिकवत होत्या. सासरी द्राक्षबाग आहे; घरात नवरा, सासूबाई आणि सातवीतली मुलगी. दीड वर्षापूर्वी एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरून त्यांना लेखनाचं काम मिळालं. ग्रुप चालवणाऱ्या मॅडम विषय देतात आणि या लेख लिहून पाठवतात. केसगळतीवर घरगुती उपाय, म्युच्युअल फंड म्हणजे काय, कोकणातली दहा ठिकाणं, असं काहीही. दर शब्दाला २५ पैसे. रोजचे साधारण चार तास, महिन्याचे बावीस दिवस त्या हे काम करतात. दीड वर्षात ६१,००० रुपये हातात आले, थोडे थोडे करत ११,४०० थकले. आता मॅडम म्हणतात, लेख मशीनकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेऊ, तुम्ही तो फक्त 'माणसानं लिहिल्यासारखा' करून द्या, दर १० पैसे.

'कुठलाही विषय द्या, मी लिहू शकते,' असं त्या म्हणतात. मुलीची फी गेल्या वर्षी याच पैशातून भरली. आता 'घरबसल्या महिना पन्नास हजार' असं सांगणारा १४,९९९ रुपयांचा कोर्स करावा का, २,५०० रुपये अनामत मागणारं टायपिंगचं काम घ्यावं का, की जवळच्या इंग्रजी शाळेत १२,००० रुपयांवर रुजू व्हावं, असा त्यांना प्रश्न पडला आहे. सासूबाई म्हणतात, 'दिवसभर त्या डबड्यात डोकं घालून काय मिळतं?' नवरा म्हणतो, 'कशाला दगदग करतेस?' आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'पैसे मागायची मला लाज वाटते.'

ताई,

आधी अनामतीचं बोलते, कारण तिथे घाई आहे. ते काम घेऊ नका. काम देणारा पैसे देतो. तोच आधी पैसे मागत असेल, तर तिथे गिऱ्हाईक तुम्ही आहात. शिवाय या टायपिंगच्या कामात २,५०० रुपये हा फक्त दरवाजा असतो. आत गेल्यावर एका 'करारा'वर सही घेतात, आधार आणि पॅनचे फोटो मागतात, मग अस्पष्ट छापलेल्या पानांचा ढीग पाठवून चार-सहा दिवसांची मुदत देतात. नव्वद टक्के अचूकता हवी अशी अट असते आणि तुम्ही कितीही नीट टाइप केलं तरी ती पूर्ण होत नाही, कारण तपासणारे तेच. मग वकिलाच्या नावाने नोटीस येते: करारभंग झाला, इतके हजार भरा, नाहीतर कोर्टात खेचू. घरात कुणाला सांगितलेलं नसतं, म्हणून बाई गुपचूप पैसे भरते. सगळा धंदा त्या गुपचूपपणावर चालतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आधीच सही करून बसलं असेल तर एक रुपयाही भरू नका, सगळे मेसेज जपून ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार करा. टायपिंगच्या चुकांसाठी कुणी तुरुंगात जात नाही.

आता तुमच्या कामाकडे येते. तुमच्या पत्रात सगळे आकडे आहेत, फक्त तुम्ही ते एकमेकांशेजारी मांडलेले नाहीत. रोज चार तास, महिन्याला बावीस दिवस, अठरा महिने: १,५८४ तास झाले. हातात आले ६१,०००. म्हणजे तासाला साडेअडतीस रुपये, आणि आठ तासांचा दिवस धरला तर ३०८ रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. (ही योजना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे तुमच्याच जिल्ह्यातले, हे जाता जाता.) थकलेले ११,४०० उद्या मिळाले तरी दिवस ३६६ च्या आसपास जातो. यातून इंटरनेटचा खर्च अजून वजा केलेला नाही.

मातीकामाची मजुरी कमी दर्जाची आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे दर जाहीर असतो, हजेरीपट असतो आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही आपला दिवस किती रुपयांचा ते ठाऊक असतं. तुम्हाला बी.एस्सी., बी.एड. होऊन ते ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही तास मोजलेच नाहीत, शब्द मोजले. शब्दांचा आकडा मोठा दिसतो, हजार शब्द लिहिले की खूप काम झाल्यासारखं वाटतं. विषय शोधणं, वाचणं, 'जरा अजून सोपं करा' म्हणून परत आलेला लेख पुन्हा करणं, यातलं काहीच शब्दांत मोजलं जात नाही. महिनाभर एका वहीत कामाच्या नावापुढे वेळ लिहा. तुमच्यासारख्या दराने काम करणाऱ्या प्रत्येकीला माझं हेच सांगणं आहे, बाकीचं सगळं त्यानंतर.

मशीनचा लेख १० पैशांत 'माणसाळवण्या'बद्दल माझं उत्तर नाही असंच आहे. मशीनला नाकं मुरडण्याचा हा प्रकार नव्हे. मसुद्याला, शीर्षकं सुचवायला, इंग्रजी उतारा पटकन समजून घ्यायला तुम्हीही ते वापरा, गिऱ्हाइकाला सांगून वापरा. अडचण दराची आणि जबाबदारीची आहे. मशीन ठासून चुकतं. 'अमुक तेलाने केस परत येतात' हे ते ज्या सुरात लिहितं, त्याच सुरात पाणी शंभर अंशांना उकळतं हेही लिहितं. त्यातलं खरं-खोटं तपासायला तुम्हाला जवळजवळ मूळ लेखाइतकाच वेळ लागणार, दर मात्र निम्म्याहून कमी. चूक छापून आली की 'तुम्ही पाहिलं होतं ना?' असं तुम्हालाच विचारणार. तासाच्या दराने, आणि तुमच्या विषयातला मजकूर असेल, तर तपासणीचं काम जरूर घ्या. भाषांतर संस्था आता असं बरंच काम देतात. शब्दाला १० पैशांनी घेऊ नका.

'कुठलाही विषय द्या, मी लिहू शकते.' तुम्ही हे अभिमानाने लिहिलं आहे आणि मला इथेच तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. कुठल्याही विषयावर बरं लिहिणं हीच गोष्ट आज बाजारात सगळ्यात स्वस्त झाली आहे. मॅडमनी दर २५ वरून १० वर आणला तो त्या दुष्ट आहेत म्हणून नव्हे. केसगळती आणि कोकणातली दहा ठिकाणं यासाठी त्यांना आता तुमची गरज उरलेली नाही. उद्या १० चे ५ होतील. या शर्यतीत कोर्स करूनही तुम्ही पुढे जाणार नाही.

पण तुमच्या पत्रात दोन वाक्यं अशी आहेत, जी तुम्ही ओळख म्हणून लिहून पुढे गेलात: रसायनशास्त्र शिकले आहे, आणि सासरी द्राक्षबाग आहे. मी तिथेच थांबले.

तुमच्या घरात खरड छाटणी आणि फळछाटणी यांतला फरक कुणी कुणाला समजावून सांगत नाही. डाऊनी आणि भुरी हे वेलीवरचे बुरशीचे रोग कसे दिसतात, ढगाळ हवा आली की रात्री उशिरा कुठल्या औषधावरून फोनाफोनी होते, हे तुम्ही रोज ऐकता. बेदाणा करताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात का बुडवतात, याचं रसायनशास्त्र तुम्ही शिकला आहात. मण्याच्या सालीवरचा मेणाचा थर म्हणजे काय हे तुम्ही पाचवीतल्या पोरालाही सांगू शकता. युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला तर काय होतं, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे, यावर बागायतदाराला विश्वासाने वाचता येईल असं मराठी लिहिणारी किती माणसं असतील? पुण्यामुंबईच्या एजन्सीत बसून इंग्रजी पत्रकाचं मराठी करणाऱ्याला घड आणि मणी यांतला फरक गूगल करावा लागतो.

आणि या मजकुराला पैसे देणारे लोक आहेत. कीटकनाशकाच्या बाटलीसोबतचं माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही द्यावं लागतं. तो नियमच आहे, कंपनीची हौस नव्हे. खतांच्या, ठिबकच्या, संजीवकांच्या कंपन्यांना मेळाव्यांसाठी पत्रकं लागतात, व्हिडिओसाठी संहिता लागतात, विक्रेत्यांना पाठवायला हंगामाप्रमाणे संदेश लागतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांना बँकेला आणि खरेदीदाराला दाखवायला दोन भाषांतली माहितीपुस्तिका हवी असते, ती बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी पुतण्याने केलेली असते. तुमच्या मिस्टरांच्या फोनमध्ये या कंपन्यांच्या किती प्रतिनिधींचे नंबर आहेत ते एकदा विचारा. तुम्ही दीड वर्ष अनोळखी ग्रुपवर काम शोधलंत आणि तुमचे गिऱ्हाईक तुमच्या पडवीत चहा पिऊन जात होते.

बागेचा विषय नको वाटत असेल, घरात तेच आणि कामातही तेच म्हणून, तर तेही मी समजू शकते. मग शिक्षिकेचा अनुभव वापरा. विज्ञानाचे प्रश्नसंच, मुलांसाठीचा पूरक मजकूर, तांत्रिक पुस्तकांचं भाषांतर, हेही काम आहे. २०२१ पासून अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम मराठीतूनही सुरू झाले आणि त्यांना पुस्तकं लागतात. मुद्दा इतकाच की एकच दार निवडा. भाषांतर संस्थेला अर्ज करताना 'मराठी-इंग्रजी, सर्व विषय' लिहाल तर हजारांच्या ढिगात जाल. 'रसायन, शेती, शालेय विज्ञान' लिहाल तर ढीग बराच लहान होतो.

सुरुवात अशी करा. तीन नमुने तयार करा, प्रत्येकी एका पानाचे, कुणी न मागता. उदाहरणार्थ, फळछाटणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पानांवर काय पाहायचं. बेदाण्याचा रंग कशाने बिघडतो. फवारणी करणाऱ्या मजुराने अंगावर काय घालायचं आणि का. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले वाचून त्यातली माहिती तपासा, मग तुमच्या भाषेत लिहा. पहिला वाचक म्हणून मिस्टरांना द्या. ते म्हणाले 'हे बरोबर नाही', तर तुम्हाला फुकटात तज्ज्ञ मिळाला. ते तीन नमुने पीडीएफ करून दहा ठिकाणी पाठवा. सातांकडून उत्तर येणार नाही, एखादा 'नंतर बघू' म्हणेल. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. नमुने मात्र तीनच. चौथा कुणी 'चाचणी म्हणून' फुकट मागितला की पैसे सांगा.

किती सांगायचे? उलटीकडून हिशेब करा. महिन्याला १५,००० हवेत असं धरू. तुमच्याकडे ८८ तास आहेत, पण त्यातला निदान पाव हिस्सा तरी पत्रं पाठवण्यात, फोनवर, बिलं करण्यात जाईल. प्रत्यक्ष कामाचे साधारण साठ उरतील. पंधरा हजार भागिले साठ, म्हणजे तासाला अडीचशे. एखाद्या पत्रकाला वाचण्यापासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत सहा तास लागणार असतील तर किंमत १,५०० रुपये. शब्द किती हे त्यात येतच नाही, आणि चांगल्या पत्रकात शब्द कमीच असतात. तुम्हाला आता वाटेल, पंधराशे कोण देणार? मॅडम देणार नाहीत, हे नक्की. पण ज्या कंपनीने पत्रकाच्या कागदाला आणि रंगीत छपाईला हजारो मोजले आहेत, तिला मजकुराचे पंधराशे जड नसतात. तिला फक्त आजवर कुणी मागितलेले नसतात.

काम घेताना एक मेसेज लिहून पाठवायचा आणि समोरून 'ओके' येईपर्यंत सुरुवात करायची नाही. त्यात काय काम, कधी देणार, किती वेळा दुरुस्ती करून देणार (दोनदा पुरे), किती पैसे, निम्मे आधी आणि निम्मे किती दिवसांत, एवढं असलं की झालं. हक्कांची एक ओळही घाला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, तुम्ही नोकर नसाल तर लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक तुम्हीच असता, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. त्यामुळे 'पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क तुमचे' ही ओळ फार कामाची आहे.

हे मॅडमच्या थकबाकीलाही लागू पडतं. तुम्ही त्यांना काही लिहून दिलेलं नसेल, तर ज्या लेखांचे पैसे आले नाहीत ते अजून तुमचेच आहेत. एक शांत ईमेल लिहा: लेखाचं नाव, दिल्याची तारीख, शब्द, रक्कम, अशी यादी, खाली एकूण ११,४००, आणि पंधरा दिवसांनंतरची एक तारीख. तोवर नवं काम बंद. पैसे आले नाहीत तर ते लेख जिथे छापलेत त्या साइटच्या मालकाला तीच यादी सभ्य शब्दांत पाठवायला हरकत नाही. त्याने मॅडमना पैसे दिलेले असतील आणि तुमच्यापर्यंत ते पोचले नाहीत हे त्याला माहीतही नसेल. वकिलाची नोटीस द्यावी का, तर एवढ्या रकमेसाठी मी देणार नाही. हे पैसे तुमच्या घरखर्चाच्या हिशेबातून काढून टाका, आणि तरीही मागत राहा.

पुढच्यासाठी मात्र एक पक्कं हत्यार आहे. केंद्र सरकारच्या पोर्टलवर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून नोंदणी, करून घ्या. सेवा देणारी एकटी व्यक्तीही करू शकते, आधार आणि पॅन लागतं आणि ती पूर्णपणे मोफत आहे. फी मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीनंतर तुम्ही ज्याला सेवा द्याल, त्याने लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची, पैसे द्यायचे असतात. लेखी काहीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार ऐकायला सुविधा परिषद आहे. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीचा खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही, म्हणून त्यांचा अकाउंटंटच मार्चच्या आधी तुमचं बिल शोधू लागतो. बिलावर उद्यम क्रमांक छापला की निम्म्या वेळा आठवणही करावी लागत नाही.

कराची भीती अनेकजणींना वाटते, ती थोडक्यात घालवते. कंपनी वर्षभरात ५०,००० हून जास्त देणार असेल तर बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल. ते पैसे बुडाले असं समजू नका. विवरणपत्र भरलंत की परत येतात, कारण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. जीएसटीची नोंदणी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. तिथवर पोचलात तर आपण दोघी खूश असू.

कोर्सचं बोलायचं तर, १४,९९९ रुपये म्हणजे तुमच्या आजच्या दराने जवळपास ३९० तासांचं काम. साडेचार महिने झाले. सगळेच कोर्स फसवे असतात असं नाही. पण शिकवणाऱ्याला एकच विचारा: तुमचं स्वतःचं उत्पन्न लेखनातून येतं की कोर्स विकून? तुम्हाला लिहायला शिकायची गरज नाही, ते तुम्हाला येतं. तुम्हाला एक्सेलमध्ये हिशेब ठेवता यायला हवा, युनिकोडमध्ये वेगाने टाइप करता यायला हवं, आणि भाषांतराकडे वळलात तर ओमेगाटीसारखं एखादं मोफत साधन हाताळता यायला हवं. हे सगळं युट्यूबवर बसून होतं, आणि मुलगी सातवीत आहे, म्हणजे घरात शिकवणारी आहेच.

शाळेची नोकरी हा मात्र गंभीर पर्याय आहे आणि तो मी घाईने बाजूला सारणार नाही. द्राक्षाच्या घरात पैसा वर्षातून एकदा येतो, आणि ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला तर त्या वर्षी येतही नाही. मुलीची फी तुमच्या पैशातून गेली, याचा अर्थ तुमचे महिन्याचे तीन-चार हजार या घरात दिसतात त्याहून जास्त काम करतात. अशा घरात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणाऱ्या १२,००० ना मोल आहे. दुसऱ्या बाजूने, शाळा म्हणजे सहा तास, जाणं-येणं, वह्या, पेपर, गॅदरिंग. पहिलं वर्ष तरी लेखनाला वेळ उरणार नाही. 'घरी बसून स्वतंत्र' हे ऐकायला छान आहे, पण स्वतंत्र लेखिकेचा पहिल्या वर्षातला महिना कधी नऊ हजारांचा, कधी शून्याचा असतो. तुम्हाला शून्याचा महिना परवडतो का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. ते मिस्टरांसोबत बसून ठरवा, मनातल्या मनात नको.

परवडत असेल तर माझं मत असं: मार्चअखेरपर्यंत वेळ घ्या. नवं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, शाळा एप्रिल-मेमध्ये माणसं घेतात, म्हणजे दार तोवर बंद होत नाही. मॅडमचं काम थांबवल्यावर मोकळे होणारे चार तास पूर्ण या कामाला द्या. मार्चपर्यंत थेट पैसे देणारे दोन गिऱ्हाईक आणि महिन्याला सरासरी सहा हजार एवढं झालं, तर लेखन सुरू ठेवा. नाही झालं, तर शाळेत जा आणि महिन्याला एखादं पत्रक रविवारी करा. त्यात हरल्यासारखं काही नाही. विज्ञान शिकवणारी बाई शेतीवर लिहिते हे वर्गात उभं राहून लिहिलं तरी तितकंच खरं राहतं. फेब्रुवारीत बेदाण्याच्या गडबडीत तुमचे निम्मे दिवस जातील, ते आत्ताच धरून चाला.

कथा आणि ललित लिहायची इच्छा आहे असंही तुम्ही ओझरतं म्हटलंय. जरूर लिहा, पण या हिशेबात धरू नका. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दिवाळी अंकांचं वैभव आहे, आणि 'छापून आलं हेच मानधन' ही समजूतही बहुधा त्याच वैभवाच्या सावलीत वाढली. चांगले संपादक मानधन देतात, काही अंक आणि आभार देतात. कथेसाठी ते चालेल, ते तुमचं तुम्ही ठरवा. कंपनीच्या पत्रकासाठी 'तुमचं नाव होईल' असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा.

घरच्यांबद्दल एक विचारते, रागावू नका. सासूबाई तुमच्या कामाला काम मानत नाहीत अशी तुमची तक्रार आहे. पण पत्रात तुम्हीच 'टाइमपास म्हणून सुरू केलं' असं लिहिलंय, ६१,००० ना 'थोडेफार' म्हटलंय, आणि कुणी हाक मारली की लॅपटॉप मिटवून उठता असंही लिहिलंय. मग त्यांना कळणार कुठून? सासूबाईंनी बेदाण्याच्या शेडवर वर्षानुवर्षं बायकांकडून काम करून घेतलंय असं तुम्हीच सांगता. रोज, हजेरी, उचल, थकलेला हिशेब, हे त्यांना तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना वहीतले तास आणि दर दाखवा. बहुतेक मॅडमबद्दल त्या तुमच्यापेक्षा कडक बोलतील. आणि कामाची वेळ एकच ठरवा, सकाळी दहा ते दोन म्हणा, त्या वेळेत दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत कुणासाठी उठायचं नाही. पहिले पंधरा दिवस कुरबुर होईल. मिस्टरांच्या 'कशाला दगदग' मागे काळजीच असावी, पण त्यांना रक्कम माहीत आहे का? नसेल तर सांगा. बँकेतलं खातं मात्र तुमच्या एकटीच्या नावावर असू द्या.

आता लाजेचं. पैसे तोंडाने मागायला लागतात तेव्हा लाज वाटते, म्हणून तोंडाने मागूच नका. कामासोबत त्याच दिवशी बिल पाठवा. वर तुमचं नाव, पत्ता, पॅन, उद्यम क्रमांक, मग बिल क्रमांक आणि तारीख, काय काम केलं ती एक ओळ, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, आगाऊ मिळालेले वजा करून बाकी, देय तारीख, बँकेचं खातं. देय तारखेच्या दुसऱ्या दिवशी तेच बिल पुन्हा पाठवायचं, वर एवढंच लिहून: 'या बिलाची मुदत काल संपली. रक्कम कधी जमा होईल ते कळवावे.' 'सवडीने द्या', 'जमेल तसं बघा', 'त्रास देते, माफ करा' यातलं काहीही लिहायचं नाही, आणि शेवटी हात जोडलेली इमोजीही नको.